शिकण्याआधीच लागलेला निकाल

मराठी मध्यमवर्गाला बँक नवी नाही. १९०६ सालची कॉसमॉस, १९१८ची सारस्वत, १९३५ची बँक ऑफ महाराष्ट्र ही नावं आपल्याकडे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. १९६९मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जवळपास प्रत्येक गोतावळ्यात एखादी मावशी कॅशला आणि एखादे काका लोन डिपार्टमेंटला सापडू लागले. त्या बँकेत शिरायची परीक्षा असे. जाहिरात पेपरात येई, अभ्यासक्रम सगळ्यांना ठाऊक असे, लातूरच्या मुलाला आणि लालबागच्या मुलीला सारखीच प्रश्नपत्रिका मिळे. पदवीवर कोणत्या कॉलेजचा शिक्का आहे, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे.

आता त्याच घरांतली तिसरी पिढी बारावीनंतर ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग करायचंय’ म्हणते, तेव्हा आजोबांना वाटतं, नातू आपलीच गादी चालवणार. पण दोन्हींत ‘बँक’ हा शब्द सोडला तर फारसं काही समान नाही. हा धंदा बचत खात्यांचा नाही. एखादी कंपनी शेअर बाजारात उतरवायची, एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असेल तर किंमत काढून सौदा जुळवायचा, भांडवल उभं करून द्यायचं आणि त्याची फी घ्यायची, असं हे काम. भारतीय कायदा त्याला ‘मर्चंट बँकर’ म्हणतो. सेबीची त्यासाठीची नियमावली १९९२ची आहे. आणि सगळ्यात मोठा फरक असा की इथे शिरायला जाहीर परीक्षा नाही. इथे यादी आहे.

ती यादी विद्यापीठांची आहे. म्हणूनच ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी कोणतं विद्यापीठ निवडावं’ या प्रश्नाभोवती समुपदेशक, क्लासवाले आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या यांचा एवढा मोठा बाजार उभा आहे. या बाजारात जे कुणी सांगत नाही ते इथे सांगतो. या नोकरीसाठी विद्यापीठ निवडताना आपण शिक्षण निवडत नसतो, रांगेतली जागा विकत घेत असतो. परवडत असेल तर ती खुशाल घ्यावी. पण तिला गुणवत्ता म्हणू नये, आणि कोणतं विद्यापीठ चांगलं हे ठरवायचा मान तर बँकांना मुळीच देऊ नये.

यादी कशी चालते

लॉरेन रिवेरा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंचं ‘पेडिग्री’ हे पुस्तक २०१५मध्ये आलं. बड्या इन्व्हेस्टमेंट बँका, सल्लागार कंपन्या आणि वकिली फर्म नव्या मुलांना कशा घेतात, याचा त्यांनी मुळापासून शोध घेतला. भरती करणाऱ्या सुमारे १२० जणांच्या मुलाखती घेतल्या, शिवाय एका फर्मच्या भरती विभागात स्वतः काम करून आतला कारभार पाहिला. त्यांना दिसलं ते असं: प्रत्येक फर्मकडे मोजक्या विद्यापीठांची यादी असते. यादीतल्या विद्यापीठांत फर्मची माणसं जाऊन जेवणावळी घालतात, मुलाखती घेतात. यादीबाहेरच्या मुलांनी वेबसाइटवरून अर्ज करावेत, पण आतून कुणाची ओळख नसेल तर ते बहुधा कुणी उघडूनही पाहत नाही.

यादीतल्या मुलांमधून निवड करताना मग आवडीनिवडी पाहिल्या जातात. रोइंग, लॅक्रॉस, स्क्वॉश अशा खेळांना वजन असतं. विमानतळावर रात्रभर अडकून पडलो तर या मुलाबरोबर वेळ बरा जाईल का, हीदेखील एक कसोटी असते. पुरुषोत्तम करंडकासाठी तीन महिने तालमी केलेली मुलगी किंवा तालुक्याला कबड्डी गाजवलेला मुलगा या कसोटीत कुठे बसतो, हे ज्याने त्याने ताडावं.

हे सगळं एक वेळ चालवून घेता येईल. कुणी म्हणेल, यादीतली विद्यापीठं शिकवतातच इतकं उत्तम की बँकांनी तिथेच जावं, यात नवल काय? या युक्तिवादाची कसोटी सोपी आहे. भरती केव्हा होते, ते पाहायचं.

अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीत तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात जी इंटर्नशिप मिळते, तिच्यातून पुढची नोकरी पक्की होते. या इंटर्नशिपची निवड आता वर्षभराहून अधिक आधी, मुलं दुसऱ्या वर्षात असतानाच सुरू होते. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी बँका ‘स्प्रिंग वीक’ भरवतात. त्यातून दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप आणि तिच्यातून नोकरी. या स्प्रिंग वीकचे अर्ज पहिल्याच सत्राच्या सुरुवातीला भरायचे असतात, म्हणजे मुलांना अजून ग्रंथालयाचा रस्ता नीट सापडलेला नसतो तेव्हा. आपल्या आयआयएम अहमदाबादमध्ये मुलं जूनच्या सुमारास येतात आणि उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती दिवाळीच्या मागेपुढे उरकतात.

तीन देश, तीन पद्धती, आणि तिन्हींकडे सौदा शिकवण्याआधी होतो. विद्यापीठाने अजून काही शिकवलेलंच नसताना बँक मूल उचलते, तर बँकेने विद्यापीठाकडून घेतलं काय? प्रवेश समितीचा निर्णय घेतला. पुढची वर्षं, प्राध्यापक, ग्रंथालय हा सगळा त्या निर्णयावरचा वेष्टनाचा कागद.

आणि काम तरी कसलं असतं? नव्या ॲनालिस्टची पहिली दोन वर्षं एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये जातात. कंपनीच्या भावी कमाईचं आजचं मूल्य काढणं, तिच्यासारख्या इतर कंपन्यांशी तिची तुलना करणं, जुन्या सौद्यांचे भाव गोळा करणं, आणि हे सारं शंभर पानांच्या सादरीकरणात एकाही आकड्याची चूक न करता बसवणं. हे काम खडतर आहे यात शंका नाही. २०२१मध्ये गोल्डमन सॅक्सच्या १३ नव्या ॲनालिस्टांनी आपली आपण पाहणी करून वरिष्ठांपुढे ठेवली. त्यात आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्री पाच तास झोप असा हिशेब होता. २०२४मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, तर ती सवलत म्हणून बातमीत आली. अशा कामाला चिकाटी लागते, नेटकेपणा लागतो, जागरण सोसणारं शरीर लागतं. गणित लागतं ते चक्रवाढ व्याजाच्या थोडं पुढचं. हार्वर्डच लागावं असं त्यात काही नाही.

हेही आरक्षणच

आता जरा टोचणारं बोलू. आरक्षणावर बोलताना आपल्या दिवाणखान्यांत ‘गुणवत्ता’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका दुसरा कुठलाही नसेल. परीक्षा एक, मार्क एक, मग निवड वेगळी का, असा तो सवाल असतो. त्याच दिवाणखान्यात मुलगा इन्व्हेस्टमेंट बँकेत लागल्याचे पेढे वाटले जातात तेव्हा मात्र कुणी विचारत नाही की ही परीक्षा कुठे झाली, जाहिरात कधी आली आणि शिवाजी विद्यापीठाच्या बी. कॉम. पहिलीला तिथे बसता आलं असतं का. बसता आलं नसतं. जागा ठरावीक कॉलेजांसाठी राखीव होत्या. याला कॉलेजच्या नावाचं आरक्षण म्हणतात. संविधानातल्या आरक्षणामागे निदान शतकांच्या अन्यायाचं कारण आहे. या आरक्षणामागे बँकेची सोय आहे.

हे नाव तरी निखळ हुशारीवर मिळतं का? राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३मध्ये अमेरिकेतल्या बारा सर्वांत प्रतिष्ठित खासगी विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश परीक्षेत सारखेच गुण मिळवलेल्या दोन मुलांपैकी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल तिथे पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त निघाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंच्या जागा, महागड्या शाळांची शिफारसपत्रं ही त्याची कारणं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली. बापाचं कॉलेज विचारात घ्यायला केली नाही.

या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाला थेट भिडतो. चांगल्या सरकारी विद्यापीठाऐवजी या बारांपैकी एकात गेल्याने मुलाच्या सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही. मात्र नामांकित फर्ममध्ये नोकरी मिळण्याची शक्यता तिप्पट होते. म्हणजे विद्यापीठाने मूल बदललं असं दिसत नाही, दार बदललं.

आपल्याकडे दाराची चौकट आणखी मागे सरकलेली आहे. अहमदाबादच्या प्रवेशासाठी कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांचाही हिशेब धरतात. कंपन्यांना जाणाऱ्या बायोडेटावरही तेच गुण पुन्हा ओळीने मांडलेले असतात. बावीस-चोविसाव्या वर्षी कंपनी विकत घेण्याचे हिशेब मांडायला निघालेल्या मुलाला पंधराव्या वर्षी समाजशास्त्रात किती होते, यावर त्याची निवड अडते. ज्या वर्षी घरात कुणी आजारी होतं, ज्या शाळेला गणिताचा मास्तर नव्हता, ते वर्ष आणि ती शाळा माणसाला आयुष्यभर चिकटते.

साठ लाखांचं तिकीट

इतकं होऊनही ज्याला जायचंय, त्याने दारापर्यंतचं भाडं नीट पाहावं. कारण इथे फसतो तो श्रीमंत नव्हे, कर्ज काढणारा.

व्हॉर्टनसारख्या ठिकाणी पदवीचा खर्च राहण्या-जेवण्यासकट वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात जातो. चार वर्षांचे रुपये केले तर तीन कोटींच्या आसपास. हे बहुतेक मराठी घरांच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून खरा बाजार आहे तो एका वर्षाच्या मास्टर्सचा. लंडनच्या नावाजलेल्या विद्यापीठात फायनान्सच्या मास्टर्सची फी ४० हजार पौंडांच्या पुढे असते. राहणं धरून हिशेब साठ लाखांच्या वर. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. ते तारण म्हणजे बहुतेकदा आईवडिलांचा फ्लॅट.

मुलगा सप्टेंबरच्या शेवटी पोहोचतो. वर सांगितलेलं वेळापत्रक पुन्हा आठवा. तिथली पदवीची मुलं स्प्रिंग वीक आणि इंटर्नशिप करून नोकरीच्या जागा अडवून बसलेली असतात. उरलेल्या जागांचे अर्ज उन्हाळ्यातच उघडलेले असतात, आणि आले तसे तपासून भरले जातात. वर्ष संपल्यावर राहण्याची जी मुदत मिळते ती दोन वर्षांची होती. जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येते आहे. अमेरिकेत एचवनबीची सोडत वर्षाला ८५ हजारांपुरती. वर सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरून आणायच्या नव्या माणसामागे एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर तिथे वर्षाऐवजी तीन वर्षं काम करता येतं, म्हणून अनेक विद्यापीठांनी आपल्या अर्थशास्त्राच्या पदवीचं सरकारी वर्गीकरणच बदलून ती गणिती अर्थशास्त्राच्या खान्यात टाकली. शिक्षण तेच, खाना नवा. विद्यापीठांनाही कळलेलं आहे की मुलं शिकायला येत नसून मुदत घ्यायला येताहेत.

देशातला बाजार वेगळ्या तऱ्हेने फसवतो. पुण्यात खराडीपासून मगरपट्ट्यापर्यंत जगातल्या मोठ्या बँकांची कार्यालयं आहेत आणि हजारो मुलं तिथे चांगल्या पगारावर काम करतात. त्यातलं बरंचसं काम झालेल्या व्यवहारांची पूर्तता, ग्राहकांच्या कागदपत्रांची छाननी, हिशेबांची जुळवणी आणि संगणक प्रणाली यांचं आहे. काम सन्मानाचं आहे, गरजेचं आहे. पण ते इन्व्हेस्टमेंट बँकेतलं काम आहे, इन्व्हेस्टमेंट बँकिंग नाही. ‘सहा महिन्यांत इन्व्हेस्टमेंट बँकर व्हा’ म्हणणारे अभ्यासक्रम हा फरक मुद्दाम पुसतात.

‘पण बँकांनी तरी काय करावं?’

यावरचं उत्तर ठरलेलं असतं. शंभर जागांना लाखभर अर्ज येतात, सगळे कोण वाचणार? विद्यापीठाने एकदा चाळून दिलेलं धान्य घेतलं तर बिघडलं कुठे? बँकेच्या बाजूने पाहिलं तर हे पटण्यासारखं आहे. पण मग त्याला काटकसर म्हणा. चाळणी कुणाच्या पैशाने विकत घेतली आहे आणि तिची भोकं कुणाच्या मापाची आहेत, हे माहीत असताना वर राहिलेल्या दाण्यांना ‘देशातले सर्वोत्तम’ म्हणू नका.

दुसरं उत्तर, यादीबाहेरची मुलंही शिरतातच की. शिरतात, आणि तीच वाट आपल्या मुलांना कुणी नीट सांगत नाही. भारतातल्या मर्चंट बँकांत चार्टर्ड अकाउंटंट मोठ्या संख्येने आहेत. आयसीएआय ही १९४९ची संस्था. तिची परीक्षा अवघड आहे, निकाल निर्दय आहेत, पण पेपर सगळ्यांना एकच आहे आणि कॉलेजचं नाव तो तपासणाऱ्याला दिसत नाही. कंपन्यांचं मूल्यांकन करणाऱ्या हिशेबतपासणी फर्ममधून दोन-तीन वर्षांनी सौद्यांच्या कामात जाता येतं. वाट लांबची आहे, वळणाची आहे. फ्लॅट गहाण पडत नाही.

तरीही विद्यापीठच निवडायचं असेल तर क्रमवारीचे तक्ते बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या वर्षी या अभ्यासक्रमातून, माझ्यासारखा पासपोर्ट असलेली, किती मुलं प्रत्यक्ष सौद्यांच्या विभागात लागली? सर्वात मोठं पॅकेज नको, सरासरीही नको, मधल्या मुलाला काय मिळालं? आणि नोकरी नाहीच मिळाली, तर कर्जाचा हप्ता कोणत्या पगारातून जाईल? आयआयएम अहमदाबादने नोकऱ्यांचे आकडे एका ठरावीक नमुन्यात, लेखापरीक्षण करून छापायचा पायंडा पाडला. जी संस्था असे आकडे देत नाही आणि माहितीपत्रकात फक्त हसरे चेहरे छापते, तिला फी देऊ नये.

विद्यापीठ कशासाठी

चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन सार्वजनिक संस्था आहेत. १९१३चं सिडनहॅम कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाची १९६५ची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट. उदय कोटक या दोन्हींत शिकले आणि पुढे त्यांच्या कंपनीत गोल्डमन सॅक्स भागीदार झाली. २००६मध्ये कोटकांनी तो हिस्साही विकत घेतला. घरचा कापसाचा व्यापार पाठीशी होता, हे विसरायचं कारण नाही. पण शिक्षण चर्चगेटचं होतं आणि ते कमी पडलं नाही. आज मात्र राज्याच्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासांवर शिक्षक नेमून वर्ष ढकललं जातं, आणि आपण त्याबद्दल रस्त्यावर उतरत नाही. कारण ऐपत असलेल्यांची मुलं तिथे नसतात. साठ लाख लंडनला पाठवणारा वर्ग आपल्या गावच्या विद्यापीठासाठी आमदाराला साधं पत्र लिहीत नाही.

सिडनहॅममध्ये १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं होतं. पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२०मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला परत गेले. तिथे एडविन कॅनन त्यांचे मार्गदर्शक होते. १९२३मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक आलं, तेव्हा कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपले मतभेदही नोंदवले. गुरू शिष्याच्या ग्रंथाच्या पहिल्या पानांत त्याच्याशी वाद घालतो, विद्यापीठ म्हणतात ते याला.

ती संस्था १८९५मध्ये सिडनी आणि बिएट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस, बर्नार्ड शॉ या फेबियन समाजवाद्यांनी काढली होती. समाजाची घडी बदलायची तर आधी ती समजून घेतली पाहिजे, हा हेतू. आज तिचं नाव इन्व्हेस्टमेंट बँकांच्या यादीत वरच्या ओळींत असतं आणि आपल्याकडची मुलं तिथे अर्ज करतात ते त्या ओळीसाठी. तिथे आज अर्थशास्त्र कोण शिकवतं, त्यांचं म्हणणं काय, त्याच्याशी आपलं कुठे जुळत नाही, हे प्रश्न समुपदेशकाच्या कोष्टकात नसतात.

तेव्हा मुलांना सांगायचं ते एवढंच. बँकेत जायचंय तर जा. पैसा कमावणं हे पाप नाही आणि ९५ तास काम करणं हे पुण्य नाही. तिकिटाचा भाव विचारा, परतीचा रस्ता विचारा, सीएची वाट आधी तपासा. आणि आईबापांना सांगायचं ते असं, की पेढे जरूर वाटा, पण पुढच्या वेळी कुणाच्या जात-दाखल्यावरून गुणवत्तेचा विषय निघाला, तर आपल्या मुलाची परीक्षा कुठे झाली होती ते आधी सांगा.